भरल्या पानावरून

आम्ही दर बुधवारी दुपारी साडेतीन वाजता जमतो. आम्ही म्हणजे सहाजणी. पूर्वी नऊ होतो. इंदुरातल्या रामबागेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर हे वाचन सुरू झाले, ते गुडघ्यांच्या आग्रहाखातर आता खाली ओसरीवर आले आहे. एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात, मधूनच वाद होतात आणि पाचाच्या सुमारास चहा येतो. प्रस्तुत लेखात लेखणी एकीच्या हाती असली तरी मजकूर साऱ्यांचा आहे, म्हणून ‘आम्ही’. वाचकांनी हे अनेकवचन आदरार्थी समजू नये.

आजवर काय काय वाचले याची यादी देत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दोनदा झाली आणि जी. ए. कुलकर्णींची एक कथा तीन बुधवार पुरली, एवढ्यावरून आमचा पिंड कळावा. इंग्रजी आमच्याकडे क्वचितच, आणि तेही कुणी मराठीत करून सांगितले तर. काकूंनी सदतीस वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले खरे, परंतु आपले इंग्रजी हार्डीपाशी येऊन थांबले असे त्या स्वतःच म्हणतात. गेल्या दिवाळीत अक्कांची नात बंगळूरहून तीन आठवड्यांसाठी आली. तेथील एका संगणक कंपनीत ती नोकरीला आहे; वय २९. दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी ती आमच्यात येऊन बसली आणि म्हणाली, “आज मी वाचते. पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही.” दुसरी अट आमच्याच्याने पाळली जाणे शक्य नव्हते, तरी आम्ही होकार दिला.

येथे एक गोष्ट आधीच सांगून टाकली पाहिजे. या मुलीचे लग्न जवळजवळ ठरत आले होते, आणि त्यात आमचा सर्वांचाच हात होता. स्थळ ग्वाल्हेरच्या एका जुन्या घराण्यातले. माईंचा त्या घराशी साठ वर्षांचा घरोबा. त्यांनीच ते सुचवले. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, बोलायला मृदू. दोघे बंगळूरला चार वेळा भेटली होती. प्रत्येक भेटीनंतर अक्का फोनवर “कसं झालं?” असे विचारीत आणि ती “छान झालं” म्हणे. या ‘छान’चा सूर आमच्यापैकी एकीलाही खटकला नाही, किंवा खटकला असेल तर कुणी बोलले नाही. “हळूहळू रुळशील,” असे आम्हीच तिला वेळोवेळी सांगितले होते.

तिने वाचायला घेतली ती क्रिस्टन रूपेनियन या अमेरिकी लेखिकेची ‘कॅट पर्सन’ ही कथा. ‘द न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या ११ डिसेंबर २०१७ च्या अंकात ती आली, आणि एखादी लघुकथा वर्तमानपत्री बातमीसारखी जगभर वाचली जावी असे विरळा घडते ते तिच्या बाबतीत घडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हॉलिवूडमधील एका बड्या निर्मात्याविरुद्ध अनेक स्त्रिया बोलू लागल्या होत्या. त्या वादळात ही कथा सापडली. पुढे २०१९ मध्ये लेखिकेचा कथासंग्रह आला, २०२३ मध्ये कथेवर चित्रपटही झाला. पण हे सारे आम्हांला नंतर कळले. त्या दुपारी आमच्यासमोर होती ती केवळ एक वीस वर्षांची मुलगी, मार्गो.

मार्गो महाविद्यालयात शिकते आणि चित्रपटगृहात खाद्यपदार्थांच्या खिडकीवर काम करते. तेथे रॉबर्ट नावाच्या माणसाशी तिची ओळख होते. मग कित्येक आठवडे दोघे भेटत नाहीत, फक्त मोबाइलवर एकमेकांना संदेश पाठवतात. गमतीदार, चुरचुरीत संदेश. त्याच्याकडे दोन मांजरे आहेत असे तो सांगतो आणि त्या मांजरांवरून दोघांत एक खेळच सुरू होतो. या संदेशांतून मार्गो मनाशी एक माणूस घडवते. प्रत्यक्ष भेटीत मात्र तो तिला वेगळाच वाटतो, अबोल आणि किंचित धसमुसळा. दोघे चित्रपट पाहतात, मद्यालयात जातात, आणि ती आपणहून त्याच्या घरी जाते. तेथे पोचल्यावर तिला उमगते की आपल्याला हे नको आहे. पण ती तसे म्हणत नाही. पुढचे जे काही होते ते ती होऊ देते. तो चौतीस वर्षांचा आहे हे तिला त्यानंतर कळते. मांजरे त्या घरात दिसतच नाहीत.

वाचता वाचता मुलगी मराठी करीत होती आणि अडखळत होती. लाजेने नव्हे, ते प्रसंग तिने आमच्यापुढे सरळ सांगितले आणि आम्हीही ते पदराआड न लपता ऐकले, हे नमूद करण्यास हरकत नसावी. अडखळत होती ती शब्दांपाशी. ‘डेट’ला मराठीत काय म्हणायचे? ‘भेट’ म्हटले तर काहीच सांगून होत नाही, ‘प्रियाराधन’ म्हटले तर तिलाच हसू येते. शेवटी ‘डेट’ तसाच ठेवला. त्याहून अवघड होते ते मार्गो ‘नको’ का म्हणत नाही हे सांगणे. मूळ कथेत तेवढ्यासाठी बराच मजकूर खर्ची पडला आहे. तिला त्याची जबरदस्तीची भीती वाटत नाही. भीती वाटते ती वेगळीच: आपणच येथवर आलो, आता माघार घेतली तर आपण लहरी ठरू, त्याला वाईट वाटेल, समजूत घालण्यासाठी केवढे तरी चातुर्य लागेल, आणि ते सारे करण्यापेक्षा होऊ देणे सोपे.

“म्हणजे तिला भीड पडली,” अक्का म्हणाल्या.

मुलीला शब्द कळला नाही. इंदुरात वाढलेली; तिच्या लेखी भीड म्हणजे गर्दी, राजवाड्यावर सणासुदीला होते ती. मराठीतही तोच शब्द आहे आणि त्याचा अर्थ निराळा आहे, हे तिला त्या दिवशी प्रथम समजले. आम्ही तिला भिडस्त, भिडेखातर, भीडभाड हे सगळे गोत सांगितले. भीड ही भिकेची बहीण हेही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पण गर्दीच असते ना आजी तीही. आत सगळे उभे असतात.” आम्हांला हे पटले. हिंदी-मराठीच्या उंबरठ्यावर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहतो; आमच्या मराठीला त्यापायी नावे ठेवणारे पुष्कळ भेटले; पण दोन भाषांतला एक शब्द असा एकमेकांवर प्रकाश टाकताना आम्ही तरी पूर्वी पाहिला नव्हता.

काकूंना मात्र मार्गोचा राग आला होता. “उठून का नाही आली? दार काय बंद होतं?” नेमके याच ठिकाणी लेखिकेने उपाहारगृहाचा दाखला दिला आहे; आपणच मागवलेला पदार्थ समोर आल्यावर नाकारण्याचा. तो ऐकताच आमच्या वहिनी, ज्या क्वचितच बोलतात, हळूच म्हणाल्या, “भरल्या पानावरून उठू नये, असं शिकवलेलं असतं आपल्याला.” अमेरिकेतील त्या मुलीस हे कुणी शिकवले असावे, हा प्रश्न आम्ही एकमेकींना विचारला. तिच्या घरी ना सोवळे, ना सासुरवास, ना पाहण्याचे कार्यक्रम. तरीही ती भरल्या पानावरून उठू शकत नाही.

पाहण्याच्या कार्यक्रमाचा विषय निघाला तो असा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर इंदुरात पोहे हा रोजचा नाश्ता आहे. वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावण, सोबत जिलेबी. त्यामुळे ‘कांदेपोहे’ या शब्दाला पुण्यामुंबईकडे जो सनईचा सूर चिकटला आहे तो आमच्याकडे तितकासा नाही. पण कार्यक्रम तोच. अक्कांना १९६७ साली पाहायला आले होते. त्या मुलाने घरच्या मोलकरणीला पायाच्या अंगठ्याने खूण करून भांडे उचलायला सांगितले, तेवढेच अक्कांनी पाहिले. आत गेल्यावर त्या आईला म्हणाल्या, “हे नको.” कारण विचारले असते तर त्यांना सांगता आले नसते. पण वडिलांनी विचारले नाही. त्यांनी मध्यस्थांना कळवले की पत्रिकेत एकनाडीचा दोष निघाला, आमचा नाइलाज आहे. पाहुण्यांनीही हळहळ व्यक्त केली. दोन्ही घरांचे येणेजाणे पुढे चालू राहिले.

ही कथा आम्ही दहा वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी हसलो आहोत. या खेपेस मुलीने ती निराळ्या कानांनी ऐकली. “म्हणजे तुला ‘नाही’ म्हणावंच लागलं नाही,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी ग्रहांनी सांगितलं.”

आमचे लक्ष तेव्हा कथेतल्या एका लहानशा प्रसंगाकडे वळले. त्या रात्रीनंतर मार्गोला रॉबर्टशी संबंध तोडायचे असतात. ती संदेश लिहू पाहते आणि तिला ते जमत नाही. तेव्हा तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण तिच्या हातातून फोन हिसकावून घेते, चार रोखठोक शब्द टाइप करते आणि पाठवून मोकळी होते. ही मैत्रीण म्हणजे अक्कांचे वडील. जेथे मध्यस्थ नाही, गुरुजी नाहीत, नाडी नाही, तेथेही नकार दुसऱ्याच्याच हातून जावा लागतो. प्रेमात पडणे आजच्या मुलींना आमच्याहून सोपे झाले असेल. नकाराची सोय मात्र त्यांच्या वाट्याला आमच्याइतकीही आलेली नाही. जुनी रीत क्रूर होती, याबद्दल आमच्यात दुमत नाही. बहुतेक वेळा ग्रह मुलीच्या नव्हे तर मुलाकडच्यांच्या मदतीला धावत. हुंडा कमी पडला, रंग सावळा निघाला, की नाडी आडवी येई. तरीही त्या खोट्या कारणात एक दया होती. नकारात दोष कुणाचाच नसे.

कथेचा शेवट सर्वांना ठाऊक असेल असे नाही. नकाराला रॉबर्ट आधी सभ्यपणे उत्तर देतो. महिनाभराने तो मार्गोला एका मद्यालयात पाहतो, आणि त्या रात्री त्याचे संदेशामागून संदेश येऊ लागतात. प्रथम विनवणी, मग चौकशी, मग संशय. शेवटचा संदेश एका शब्दाचा, आणि तो शब्द म्हणजे स्त्रीला घालावयाची जुनीच शिवी.

आम्हां सहाजणींचे येथे एकमत झाले नाही. माई म्हणाल्या, “त्या मुलाची बाजू कुठं आहे? त्याला काय माहीत तिच्या मनात काय चाललंय ते?” अशीच तक्रार त्या वेळी तिकडच्या कित्येक पुरुष वाचकांनी केली होती, असे मुलीने सांगितले. माईंचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हे. शेवटचा शब्द येईपर्यंत वाचक अधांतरी असतो. रॉबर्ट वाईट आहे की केवळ बावळट, हे त्याला ठरवता येत नाही, आणि मार्गोच्या मनातली त्याच्याविषयीची किळसही सर्वस्वी निर्मळ नाही. ही अनिश्चितता हेच या कथेचे खरे बळ. मग ती शिवी येते आणि सगळे सोपे होऊन जाते. आमच्या मते तो शेवट लेखिकेला जरा स्वस्तात मिळाला. दुर्जनाला नाकारले याचे समर्थन कुणीही करील. सज्जनाला नाकारले, तर त्याची कथा कशी लिहायची?

हे वाक्य काकू बोलल्या, कथेविषयीच बोलल्या. मुलीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला, आणि आम्हांला वाटले की तिला चहा हवा असावा.

पुढच्या बुधवारी काकू दोन पुस्तके घेऊन आल्या. एक डोरोथी पार्करचे. हार्डीपाशी थांबलेल्या काकूंच्या कपाटात ही बाई कुठून आली हे विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले नाही. पार्करबाईंची ‘द वॉल्ट्झ’ ही कथा १९३३ ची, त्याच ‘न्यू यॉर्कर’मधली. एका स्त्रीला एक पुरुष नाचायला बोलावतो. ती मनातल्या मनात त्याला, नाचाला आणि स्वतःच्या नशिबाला लाखोली वाहत असते, पण तोंडाने मात्र ‘किती आनंद झाला’ असे म्हणते. तो तिचे पाय तुडवतो, ती ‘काहीच लागलं नाही’ म्हणते. वाद्ये थांबतात तेव्हा सुटका झाली असे वाटावे, तर ती आणखी नाचायला तयार होते. आम्ही हसून हसून बेजार झालो. ८४ वर्षांच्या अंतराने एकाच साप्ताहिकात आलेल्या या दोन कथा म्हणजे एकच कथा आहे. फक्त पहिलीत हसता येते, कारण तेथे तुडवले जातात ते पायच. तिचीच ‘अ टेलिफोन कॉल’ ही १९२८ ची कथा काकूंनी ओझरती सांगितली. त्याचा फोन यावा म्हणून देवाची विनवणी करणारी, आकडे मोजत बसणारी स्त्री. मुलगी म्हणाली, आता फोन वाजण्याची वाट नाही पाहावी लागत; त्याने वाचले आहे हे दोन निळ्या खुणांवरून कळते, उत्तर मात्र येत नाही. यात अधिक वाईट कोणते, यावर बराच खल झाला.

दुसरे पुस्तक ‘कळ्यांचे निःश्वास’. तेही १९३३ चेच, हा योगायोग काकूंनी मुद्दाम साधला होता. विभावरी शिरूरकर या नावाने ते आले आणि शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाचे वय उलटू पाहणाऱ्या मुलींच्या मनात काय चालते ते मराठीत प्रथमच एका स्त्रीने इतके उघड सांगितले. केवढी खळबळ माजली! पण लोकांना कथांपेक्षा कुतूहल होते ते लिहिणारी कोण याचे. त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे उघड व्हायला वेळ लागला. रूपेनियनबाईंच्या कथेलाही हेच भोगावे लागले. अनेकांनी ती कथा आहे हेच ध्यानात न घेता आत्मकथन म्हणून वाचली. २०२१ मध्ये एका तरुणीने लेख लिहून कथेतील काही तपशील आपल्या आयुष्यातले असल्याचे दाखवले, आणि लेखिकेनेही काही अंशी ते मान्य केले. पुरुषाने प्रेमकथा लिहिली तर ती कशी साधली हे विचारतात. बाईने लिहिली की प्रथम विचारतात, हे तुझ्याच बाबतीत घडले का? मराठीत गौरी देशपांडे आणि मेघना पेठे यांच्या कथांच्या वाट्यालाही हा प्रश्न किती वेळा आला असेल.

कवितांचा विषय त्याच दिवशी निघाला, आणि त्यात आम्ही फारसे रमलो नाही हे कबूल करतो. मुलीच्या फोनमध्ये रूपी कौर हिच्या कविता होत्या. पंजाबात जन्मलेली, कॅनडात वाढलेली ही कवयित्री. तिचा ‘मिल्क अँड हनी’ हा संग्रह तिने २०१४ मध्ये स्वतःच काढला आणि पुढे तो लाखोंनी खपला. लहान लहान ओळी, सोबत रेघांची चित्रे. ओळ मोडली म्हणजे कविता होत नाही, असा अभिप्राय काकूंनी तत्काळ दिला. मुलगी म्हणाली, “रात्री दोन वाजता कळतं, काकूआजी.” यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. त्यापेक्षा वेंडी कोप ही इंग्रज कवयित्री आम्हांला अधिक आवडली. पुरुषांची तुलना तिने बसगाड्यांशी केली आहे; शहर बसची वाट पाहण्यात आयुष्य गेलेल्या आम्हां बायकांना त्याचे स्पष्टीकरण लागले नाही. आणि कॅरल अ‍ॅन डफी हिच्या २००५ च्या ‘रॅप्चर’ संग्रहातील ‘टेक्स्ट’ ही छोटीशी कविता, तीत प्रेमिका मोबाइलवरचे जुने संदेश पुन्हा पुन्हा वाचते आणि त्यांच्या शेवटी असलेल्या चुंबनखुणा शोधते. ही मुलीने दोनदा वाचली. मग म्हणाली, “मला त्याचे मेसेज कधीच परत वाचावेसे वाटले नाहीत.”

आम्हांला कळायला क्षणभर लागला. ‘त्याचे’ म्हणजे ग्वाल्हेरच्या मुलाचे.

तो वाईट नाही, ती म्हणाली. एकही चुकीचा शब्द तो बोललेला नाही. हॉटेलात तिच्यासाठी खुर्ची ओढतो, वेळेवर घरी सोडतो, आजीची चौकशी करतो. “त्यानं काहीतरी वाईट वागावं म्हणून मी वाट पाहत होते गं. म्हणजे मला सांगता आलं असतं.” साखरपुड्याची तारीख मार्गशीर्षातली ठरत होती. चार महिने ती ‘छान’ म्हणत आली, कारण इकडे आम्ही सहाजणी, तिकडे त्याच्या घरचे, सगळे किती खूश होतो. मग ती अक्कांना म्हणाली, “तू सांग ना. पत्रिकेचं काहीतरी सांग.”

अक्कांनी माईंकडे पाहिले. माई पांढऱ्या पडल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “पत्रिका त्यांच्याच गुरुजींनी पाहिलीय. सत्तावीस गुण जमलेत.”

ओसरीवर बराच वेळ कुणी बोलले नाही. ज्या आडोशाने अक्कांना वाचवले तो आता आडोसा राहिला नव्हता, आणि तो आम्हीच उत्साहाने, गुणांची बेरीज करकरून काढून टाकला होता. शेवटी अक्का म्हणाल्या, “तूच लिही. आम्ही बसलोय इथं.”

पुढचा तास आम्ही जन्मात विसरणार नाही. सहा म्हाताऱ्या एका फोनवर वाकून नकाराचा मसुदा तपासत होत्या. पहिला मसुदा फार लांब झाला. दुसऱ्यात नोकरीची सबब होती. ती काकूंनी काढायला लावली, कारण सबब दिली की तीवर तोडगा निघतो. तिसऱ्यात ‘तू खूप चांगला आहेस’ हे वाक्य ठेवावे की नाही यावर दोन तट पडले. ते खरे असल्यामुळे राहिले. मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवले. आरंभी आणि शेवटी मिळून त्यात तीन वेळा माफी मागितलेली होती.

“माफीचं काढ,” वहिनी म्हणाल्या.

वहिनींना कुणी विचारले नव्हते. त्यांचे लग्न १९७४ मधले. दिवाणखान्यात अकरा माणसे बसली होती, ताटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि कुणीतरी ‘मग काय, गोड बोलायचं ना?’ म्हटले, तेव्हा त्यांनी खाली पाहिले. ते खाली पाहणे म्हणजे होकार धरला गेला. हे त्यांनी आम्हांला त्या दिवशी सांगितले, आणि एवढेच सांगितले. त्यांचे यजमान भले गृहस्थ होते, आम्ही सर्व त्यांना ओळखत होतो. “वाईट झालं असं नाही,” त्या म्हणाल्या. “पण ‘हो’ मी म्हटलं नव्हतं. चांगल्या माणसाला नको म्हणणं हा गुन्हा नाही. माफीचं काढ.”

दोन माफ्या निघाल्या. एक मुलीने ठेवली. चार भेटींत आपण खोटे बोललो, तिची ती माफी आहे, असे ती म्हणाली. वहिनींनी ते मान्य केले.

संदेश गेला. निळ्या खुणा उमटल्या. आम्ही चहा केला, तो निवला. उत्तर रात्री उशिरा आले, असे अक्कांनी दुसऱ्या दिवशी कळवले. ‘सांगितलंस ते बरं केलंस,’ एवढेच त्याने लिहिले होते. शिवी नाही, प्रश्न नाहीत. त्याला काय वाटले असेल याचा विचार आम्ही पुष्कळ केला. मुलगी त्या रात्री रडली, असे अक्का म्हणाल्या, आणि मग दहा तास झोपली.

ग्वाल्हेरहून त्याच्या आईचा फोन माईंना आला. त्या काय बोलल्या ते माईंनी आम्हांला सांगितलेले नाही. पुढचे दोन बुधवार त्या आल्या नाहीत. तिसऱ्या बुधवारी आल्या, नेहमीच्या जागी बसल्या आणि ‘कळ्यांचे निःश्वास’ अर्धे राहिले होते ते वाचायला घेतले. मुलगी तोवर बंगळूरला परतली होती.

संक्रांतीला ग्वाल्हेरहून माईंकडे दरवर्षी तिळाच्या वड्यांचा डबा येतो. त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासूनची ती रीत आहे. यंदा आला नाही. माईंनी आपल्याकडचा तिळगूळ नेहमीप्रमाणे पाठवला. त्याची पोच अद्याप आलेली नाही.